करारी दादाचं तत्त्वज्ञान कसं लिहावं: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

"रात्री आपण दिवा चालू ठेवतो तो अंधारासाठी. त्याला कळू दे, आपण कुठे आहोत."

हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. बोलून झालं की तो लांब कुठेतरी बघत राहतो. वाचणारा मात्र हसून लोळतो, कारण या दांडग्या गड्याला अंधाराची भीती वाटते हे त्याला कळलेलं असतं. करारी दादाचे असे सुविचार हा विनोदी लेखनातला माझा सगळ्यात लाडका प्रकार. बारा-पंधरा शब्दांत अख्खा माणूस उभा राहतो, आणि असं लिहायला शिकता येतं. नव्यानं लिहिणारे अडखळतात ते बहुतेक वेळा एकाच जागी: ते वाक्य विनोदी करायला जातात. वाक्याच्या मागे लागू नका, माणसाच्या मागे लागा. तो स्वतःशी प्रामाणिक हवा, आणि त्याच्या प्रत्येक सुविचाराखाली त्याचा एक छोटासा पराभव झाकलेला हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या झाकलेल्या पराभवाभोवतीच फिरतात.

हा दादा फार जुना आहे. रोमन नाटककार प्लाउटस याच्या इसवी सनपूर्व २०५च्या सुमाराच्या एका नाटकात पिर्गोपोलिनिकेस नावाचा फुशारक्या मारणारा सैनिक आहे. रंगमंचावर येताच तो हुकूम सोडतो की ढाल सूर्यापेक्षा लखलखीत घासा. मग कमरेच्या तलवारीची समजूत काढतो, कारण बरेच दिवस सुट्टीवर असल्यामुळे ती बिचारी खचून जाईल. तलवारीला सुट्टी म्हणजे गड्यानं बऱ्याच दिवसांत लढाई पाहिलेली नाही. पण तो ते स्वतःचं म्हणून सांगत नाही, तलवारीचं दुःख म्हणून सांगतो. सव्वादोन हजार वर्षांनंतरही आपण याहून वेगळं काही करत नाही.

त्याच्याही आधी, इसवी सनपूर्व चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वाबद्दल लिहिताना बजावलं होतं की सुविचार वयानं मोठ्या माणसाला शोभतात, आणि तेही त्यानं स्वतः अनुभवलेल्या गोष्टींबद्दल. ज्याला अनुभव नाही तो सुविचार सांगायला लागला की खुळा दिसतो. वक्त्यांनी ही चूक टाळावी म्हणून त्यानं हे लिहिलं. आपल्याला आपल्या पात्राकडून नेमकी हीच चूक करवून घ्यायची आहे.

पायरी १: आधी माणूस ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर एकही वाक्य घडवू नका. तिथे दादाची माहिती लिहा. मिशी केवढी, दंड केवढे, हे नंतर. आधी दोन गोष्टी: त्याला स्वतःबद्दल काय वाटतं, आणि प्रत्यक्षात काय आहे. या दोन उत्तरांत जेवढं अंतर, तेवढी तुमच्याकडे हशाची जागा. माझ्या वहीतल्या दादाला वाटतं की आपण खोलीत शिरलो की माणसं आदरानं उठून उभी राहतात. माणसं उठतात हे खरंच आहे, पण त्याचा गुडघा दुखतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून खुर्ची देतात. लोकांचा त्याच्यावर जीव आहे. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा, कारण ज्या दादावर कुणाचाच जीव नाही त्याचे सुविचार वाचताना धास्ती वाटते, हसू येत नाही.

मग ऐकणारा ठरवा. दादा एकटा बोलत नाही. त्याच्यासमोर कुणीतरी धाकटं बसलेलं असतं, खरं काय ते जाणणारं आणि तरीही मान डोलावणारं. प्लाउटसच्या सैनिकाजवळ जेवणाच्या आशेनं चिकटलेला एक लाळघोट्या आहे. तो धन्यानं एका दिवसात मारलेल्यांचा हिशेब सांगतो: दीडशे इथले, शंभर तिथले, तीस अमुक, साठ तमुक. बेरीज ३४० होते. तो सांगतो ७०००. सैनिक म्हणतो, बरोबर, एवढेच व्हायला हवेत. ऐकणारा असा मिळाला की दादाला फुगायला हवा मिळते. तुमच्या लेखनात हा ऐकणारा दिसला नाही तरी चालेल, पण प्रत्येक वाक्य त्याच्याकडे बघून बोललेलं असलं पाहिजे. सगळ्या जगाला उद्देशून बोलणारा दादा लगेच पुस्तकी होतो.

पायरी २: पराभवांची यादी

आता वीस पराभव लिहा, सगळे छोटे. न उघडणारी बरणी, इंजेक्शन, दाताचा डॉक्टर, विसरलेला पासवर्ड, उलटा घातलेला शर्ट, मुंग्या आलेला पाय, सिनेमा बघताना आलेलं रडू, चुकलेला रस्ता, भुंकणारं एवढंसं कुत्रं, न येणारं पोहणं. मरण, दुर्धर आजार, मोडलेला संसार यांना हात लावू नका. तिथे वाचक हळहळतो आणि दादाचा ताठा केविलवाणा वाटायला लागतो.

माझा अनुभव असा की शरीरानं दिलेले दगे सगळ्यात जास्त फळतात. दादाचं सारं भांडवल शरीर, आणि तेच ऐन वेळी फितूर होतं. सिनेमातल्या रडण्याचं हे बघा:

"आपल्या डोळ्यांत पाणी येत नाही. घाम येतो. कधीकधी त्याची जागा चुकते."

तिसरं वाक्य नसतं तर ही नुसती थाप झाली असती. तिसऱ्या वाक्यात तो घामाला समजून घेतो, त्याची चूक पोटात घालतो. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला खोटारडा म्हणायला जीभ रेटत नाही.

पायरी ३: एक वाक्य, पाच खर्डे

इथे थोडं थांबू, कारण खरं काम इथेच होतं. यादीतली बरणी घेऊ. दादानं झाकण फिरवलं, तोंड लाल झालं, झाकण हललं नाही.

पहिला खर्डा: "एवढी ताकद आहे, पण बरणीचं झाकण काही उघडत नाही." इथे दादानं हार कबूल केली. कबुली आली की विनोद संपला, कारण झाकायला काही उरलं नाही.

दुसरा: "ताकद झाकणावर वाया घालवायची नसते." जरा बरं आहे, पण कुठल्याही माणसाच्या तोंडी बसेल. शिवाय हा सल्ला पटण्यासारखा आहे. दादाचं तत्त्वज्ञान शहाणपणाच्या अगदी जवळ जावं आणि शेवटच्या वळणावर भरकटावं.

तिसरा: "जे झाकण आपल्याच्यानं उघडत नाही, ती बरणी रिकामी असते." आता जीव आला. त्यानं स्वतःला बदललं नाही, जगच बदलून टाकलं. द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याचंच हे मन आहे. फरक एवढाच की कोल्हा एका घडाबद्दल बोलतो आणि दादा सगळ्या बरण्यांचा कायदा करतो.

पण "आपल्याच्यानं" खटकतं. "माझ्याच्यानं होत नाही" हे मराठीत थकलेल्या माणसाचं बोलणं आहे, त्यात हार ऐकू येते. म्हणून चौथा खर्डा: "जे झाकण आपल्या हातानं उघडत नाही, ती बरणी रिकामी असते." हात आला आणि वाक्याला मनगट मिळालं.

पाचवा: "जे झाकण आपल्या हातानं उघडत नाही, त्या बरणीत काही नसतंच." "रिकामी असते" ही माहिती झाली. "काही नसतंच" हा निकाल झाला. त्या एका "च"वर दादा हात झटकून उठतो आणि चालू लागतो. मी इथे थांबते. "आणि असलं तरी ते खराब झालेलं असतं" असं शेपूट जोडायचा मोह होतो. ते वाईट नाही, पण त्यात दादाला शंका आली. शंका आलेला दादा वेगळ्या प्रसंगासाठी राखून ठेवावा.

तुमच्या यादीतल्या एकेका पराभवाला असे पाच खर्डे द्या. पहिले दोन टाकण्यासाठीच असतात.

पायरी ४: वाक्यांचे सांगाडे

मराठी या कामाला फार सोयीची आहे. पहिला सांगाडा जोडीचा. जो-तो, जे-ते, जिथे-तिथे या जोड्या आपल्याकडे म्हणींच्या हाडातच आहेत. "जो" ऐकलं की कान "तो"ची वाट बघतात, आणि "तो" आला की काहीतरी सिद्ध झालं असं वाटतं, सिद्ध काही झालेलं नसलं तरी. "जो शेवटपर्यंत उभा राहतो, तो बसलेला नसतो." हे मोठ्यानं म्हणून बघा. क्षणभर खरंच पटतं.

या जातीच्या वाक्याला फ्रेंचांनी एका खऱ्याखुऱ्या लढवय्याचं नाव दिलंय. ला पालिस नावाचा सेनानी १५२५ साली इटलीतल्या पावियाच्या लढाईत पडला. मरणाच्या पाव तास आधी तो जिवंत होता, असं त्याच्याबद्दल गमतीनं सांगतात, आणि उघड गोष्ट थाटात सांगण्याला फ्रेंचमध्ये आजही लापालिसाद म्हणतात. थाट जेवढा मोठा आणि सांगितलेलं जेवढं उघड, तेवढा परिणाम चांगला. मात्र हा सांगाडा दहा वाक्यांत एकदाच वापरा, दुसऱ्यांदा वाचक तो आधीच ओळखतो.

दुसरा सांगाडा वर्गवारीचा. दादाला जगाची विभागणी करायला फार आवडते. "जगात माणसं दोनच प्रकारची. दुसऱ्या प्रकाराशी आपलं बोलणं नाही." इथे वाचक दोन प्रकार कोणते याची वाट बघतो, आणि दादाला ते सांगायची गरजच वाटत नाही.

तिसरा, आणि मला सगळ्यात प्रिय, तो क्रम उलटा करण्याचा. "कुत्रं भुंकलं म्हणून आपण पळत नाही. आपण पळायला निघालोच होतो, कुत्रं नंतर भुंकलं." घडलेलं सगळं मान्य, फक्त आधी काय आणि नंतर काय हे दादा ठरवणार. विसरलेल्या पासवर्डवरही हीच चाल चालते: "आपला पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आपल्यालासुद्धा नाही. याला म्हणतात सुरक्षा."

चौथा भाषेच्या पोटातून येतो. एकाच धातूची दोन रूपं शोधा. "आपण रस्ता चुकत नाही. रस्ता आपल्याला चुकवतो." चुकणं आणि चुकवणं यांच्यातली एवढीशी फट, आणि रस्ताच भित्रा ठरला. अशी वाक्यं दुसऱ्या भाषेत नेता येत नाहीत. म्हणून ती जास्त शोधा. बसणं-बसवणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं, हरणं-हरवणं अशा जोड्यांची एक वेगळी यादी वहीत असू द्या.

एक सांगाडा मात्र नव्या लेखकानं वर्षभर तरी वापरू नये: "अमुक म्हणजे तमुक नव्हे, अमुक म्हणजे ढमुक." खऱ्या सुविचारांनीच तो इतका झिजवलाय की त्यात गंमत घातली तरी ऐकू येत नाही.

पायरी ५: शब्दांचं वजन

दादा स्वतःला "मी" म्हणत नाही, "आपण" म्हणतो. "मी घाबरत नाही" ही माहिती आहे, "आपण घाबरत नाही" ही दवंडी आहे. समोरच्याला तो "तू" म्हणतो, पण प्रेमानं. गंभीर झाला की "लक्षात ठेव" म्हणतो. हे "लक्षात ठेव" जपून वापरा. त्यानंतर येणारी गोष्ट लक्षात ठेवण्याच्या लायकीची अजिबात नसली तरच ते शोभतं.

नवे लेखक दादाला गावंढळ उच्चार देतात, प्रत्येक "नाही"चं "नाय" करतात. मला हे पटत नाही. मग हसू बोलीला येतं, माणसाला येत नाही. दादा आपल्या परीनं अत्यंत शुद्ध, तोलून मापून बोलायचा प्रयत्न करतो. त्या प्रयत्नातच त्याचा रुबाब आहे.

दुसरी गल्लत बाबा-बुवांशी होते. चैतन्य, अनंत, ऊर्जा, अस्तित्व हे शब्द आले की वाक्य दादाचं राहत नाही, प्रवचनकाराचं होतं. असे शब्द किती फसवे असतात हे तपासलं गेलंय. २०१५ साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन पेनिकूक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठमोठे शब्द संगणकानं आपोआप जुळवून केलेली वाक्यं लोकांपुढे ठेवली. त्यांना अर्थ नव्हता, तरी बऱ्याच जणांना ती कमी-अधिक गहन वाटली. प्रवचनकार अशा धुक्यात लपू शकतो. दादाला ती सोय नाही. त्याच्या वाक्यात वस्तू हवी: झाकण, दिवा, कुत्रं, खुर्ची. वस्तू समोर असली की खरं काय घडलं ते वाचकाला दिसतं, आणि ते दिसल्याशिवाय तो हसणार नाही.

पायरी ६: शेवटचा शब्द

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. विनोदाची अडचण अशी की धक्का देणारा शब्द बहुतेकदा नाम असतं आणि त्याच्यामागे "आहे", "असतो", "होतं" अशी शेपटं लटकतात. हशा नामावर यायचा, तोवर वाचक "असतो" वाचत असतो. उपाय दोन. एक, शेवटचं सहायक क्रियापद गाळा. मराठीला ते चालतं.

"तलवारीला भीत नाही, तो मर्द. दाताच्या डॉक्टरला भीत नाही, तो खोटारडा."

दोन्हीकडे "असतो" घालून बघा, वाक्य बसकण मारतं. दुसरा उपाय म्हणजे क्रियापदालाच धक्का बनवणं, वरच्या "चुकवतो"सारखं. वाक्य पडलं असं वाटलं तर मी आधी शेवटचे दोन शब्द तपासते. दहातल्या सात वेळा रोग तिथेच सापडतो.

पायरी ७: यमक

थोडक्यात. संशोधक मॅथ्यू मॅकग्लोन आणि त्याच्या सहकाऱ्यानं २००० साली दाखवलं की तीच गोष्ट यमकात सांगितली तर लोकांना ती जास्त खरी वाटते. म्हणजे पोकळ सुविचाराला यमक उपयोगी आहे. तरीही दादाला ते क्वचितच द्या. यमक आलं की लेखक कागद घेऊन बसल्याचं दिसतं. दादाला मात्र हे सगळं आत्ताच, भिंतीला टेकल्या टेकल्या सुचलेलं असायला हवं.

पायरी ८: मोठ्यानं वाचा

वाक्य लिहून झालं की उभं राहून, खर्जात, संथपणे म्हणा. स्वल्पविरामावर श्वास घ्या, पूर्णविरामावर दोन आकडे मोजा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द जास्त झालेत. साधारण पंधरा शब्दांच्या वर वाक्य गेलं तर कापा, किंवा त्याची दोन वाक्यं करा. दादा दमाचा माणूस आहे, पण लांब वाक्यांचा नाही.

दुसऱ्याकडून वाचून घेणार असाल तर एकच सूचना द्या: हसायचं नाही. घरगुती कार्यक्रमात एकदा माझी वाक्यं एका चांगल्या नटानं वाचली. पहिल्या तीन वाक्यांना खोली दणाणली. चौथं होतं: "आपण गप्प असतो तेव्हा समज, विचार चालू आहे. बोललो की समज, विचार संपला." "विचार संपला"च्या आधी त्याच्या ओठाचा डावा कोपरा किंचित हलला. एवढंच. वाक्य सपशेल पडलं, आणि पुढची दोनही. आपण काय बोलतोय हे त्या माणसाला माहीत आहे हे लोकांना कळलं होतं. तोवर हशा येत होता तो त्याला माहीत नसण्यावर. पुढच्या वेळी त्याच नटाला मी सांगितलं की हे वाक्य तू तुझ्या मुलाला निरोप देताना बोलतो आहेस असं समज. त्यानं ते इतकं जड आवाजात म्हटलं की मागे बसलेल्या एका आजींना हसताना ठसका लागला.

लिहितानाही हेच सांभाळा. उद्गारचिन्हं, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं, तीन-तीन टिंबं, कंसातलं "हाहा" हे सगळं म्हणजे लेखकाच्या ओठाचा हललेला कोपरा.

पायरी ९: कुणाच्या अंगावर जायचं नाही

दादा कुणाला कमी लेखायला लागला, बायकांबद्दल, दुबळ्यांबद्दल, वेगळ्या माणसांबद्दल शेरे मारायला लागला, की त्याचा ताठा खराखुरा होतो आणि गंमत जाते. दादाचा शत्रू नेहमी वस्तू, हवामान, प्राणी किंवा त्याचं स्वतःचं शरीर असावं. फार तर आरशातला माणूस: "आरशात बघितलं की समोरचा आधी नजर खाली घालतो. प्रत्येक वेळी." मारामारीचा उल्लेख आला तर ती कधीतरी पूर्वी झालेली असू द्या आणि तिचा साक्षीदार ठेवू नका.

पायरी १०: दहा वाक्यांची माळ

एकटं वाक्य चांगलं असलं तरी दादा कळतो तो माळेत. दहा निवडा. चाळीस लिहिली असतील तर दहा चांगली निघतात, माझ्या बाबतीत तरी हे प्रमाण कधी सुधारलं नाही. पहिलं वाक्य असं घ्या की अजाण वाचकाला तो खरा सुविचार वाटावा. दुसऱ्यात पराभव जरासा डोकावू द्या. एकाच सांगाड्याची दोन वाक्यं शेजारी नकोत, आणि शरीरावरची सगळी एकत्र नकोत. सगळ्यात जोरकस वाक्य नवव्या जागी ठेवा.

दहावं वाक्य हळू असू द्या. तिथे झाकण किंचित सरकतं, आतला माणूस दिसतो, आणि तो दिसला हे त्याला अजूनही कळलेलं नसतं. माझ्या वहीतलं दहावं असं आहे, आणि वर-खाली मोकळी जागा सोडून मी ते एकटंच ठेवते:

"आपल्याला कुणाची गरज लागत नाही. पण तू जाताना सांगून जा."